क्रेडिट कार्ड कुणाला परवडतं आणि कधी: मराठवाड्यातल्या नव्या कार्डधारकासाठी

क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला येतं. आपल्याकडच्या कितीतरी घरांत पैसा मात्र दर महिन्याला येत नाही. सोयाबीन दिवाळीच्या मागेपुढे मोंढ्यात जातं, कापूस वेचणी होईल तसा विकला जातो, तुरीचे पैसे संक्रांतीनंतर हातात पडतात. कार्ड चांगलं की वाईट यावर पारावर वाद होतात, पण खरा प्रश्न वेगळा आहे: बिलाच्या तारखेला तुमच्या खात्यात पैसा हमखास असतो का? असेल, तर कार्ड म्हणजे महिना-दीड महिना बिनव्याजी वापरायला मिळालेली रक्कम. नसेल, तर तेच कार्ड बँकेकडून मिळणाऱ्या सर्वांत महागड्या कर्जांपैकी एक ठरतं.

खाली सांगितलेला क्रम कार्ड पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी आहे.

१. किसान क्रेडिट कार्ड बाजूला ठेवा, ते वेगळं आहे

बँकेत जाऊन नुसतं "कार्ड पाहिजे" म्हटलं की गोंधळ होतो, म्हणून आधी हे. किसान क्रेडिट कार्ड म्हणजे पीककर्ज. ते १९९८ पासून चालू आहे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर वर्षाला ७ टक्के व्याज असतं, वेळेत फेडलं की केंद्राची ३ टक्के सवलत मिळून ते ४ टक्क्यांवर येतं. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत बसलात आणि मुदतीत भरलंत, तर हे ४ टक्केही उरत नाहीत. शिवाय परतफेडीची मुदत पिकाच्या हंगामाशी जोडलेली असते.

बँकेचं साधं क्रेडिट कार्ड हंगाम ओळखत नाही. मृगाचा पाऊस पडल्यावर कृषी सेवा केंद्रात बियाणं आणि खत कार्डावर उचललं, तर बिल जुलैत दारात येतं आणि सोयाबीनची काढणी तर दसऱ्याच्या आसपास. मधले तीन महिने कशावर काढणार? म्हणून पेरणीचा खर्च क्रेडिट कार्डावर करू नका. दुकानदार दोन टक्के सूट देतो म्हणाला तरी नको.

मग शेतकऱ्याने कार्ड घ्यायचंच नाही का? तसंही नाही. घरात दुधाचा जोडधंदा असेल आणि डेअरीचे पैसे दर दहा-पंधरा दिवसांनी खात्यात पडत असतील, किंवा घरातलं एक माणूस पगारावर असेल, तर त्या नियमित पैशाच्या हिशेबाने छोटं कार्ड जमतं. पिकाच्या पट्टीचा भरवसा मात्र त्यात धरायचा नाही. आडत्याकडून पट्टी कधी मिळेल आणि कितीची मिळेल, हे आडत्यालाही आधी सांगता येत नाही.

२. दिवसांचा हिशेब समजून घ्या

प्रत्येक कार्डाला दोन तारखा असतात. एक बिल तयार होण्याची, दुसरी पैसे भरण्याची, म्हणजे ड्यू डेट. दोन्हींत साधारण वीस दिवसांचं अंतर असतं.

समजा बिल दर महिन्याच्या १० तारखेला निघतं आणि ड्यू डेट ३० आहे. ११ जूनला केलेली खरेदी १० जुलैच्या बिलात येईल आणि पैसे ३० जुलैला द्यायचे, म्हणजे ४९ दिवस मिळाले. तीच खरेदी ९ जुलैला केली असती तर फक्त २१ दिवस मिळाले असते. मोठी वस्तू घ्यायचीच असेल तर बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी घ्यावी, असं जाणकार सांगतात ते यामुळेच.

ड्यू डेट पगाराच्या तारखेशी जुळवून घेणं हे नव्या माणसाचं सर्वांत उपयोगी काम, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. पगार ७ तारखेला होत असेल आणि ड्यू डेट ५ असेल, तर दर महिन्याला ओढाताण ठरलेली. बिलाचं चक्र बदलून मागण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी कार्डधारकाला दिला आहे. ॲपमधून किंवा कस्टमर केअरला फोन करून ते होतं. पगारानंतर आठ-दहा दिवसांनी ड्यू डेट येईल असं बघा. शिक्षकांनी आणि अनुदानित संस्थांतल्या कर्मचाऱ्यांनी आणखी थोडी ढील ठेवावी. तिथला पगार कधी कधी पंधरवडाभर पुढे सरकतो हे सांगायला नको.

३. "मिनिमम ड्यू" हा आकडा वाचायचाच नाही

बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात, टोटल ड्यू म्हणजे पूर्ण देणं आणि मिनिमम ड्यू म्हणजे निदान भरावीच लागणारी रक्कम. मिनिमम भरलं की लेट फी लागत नाही, सिबिलवर (म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर) थकबाकी दिसत नाही, आणि लोकांना वाटतं काम झालं. व्याज मात्र सुरू झालेलं असतं, तेही ड्यू डेटपासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून.

आकड्यांतच बघू. १५ जूनला २०,००० रुपयांचं कपाट घेतलं. १० जुलैला बिल आलं. ३० जुलैला तुम्ही १,००० रुपये मिनिमम भरले. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. आता १५ जून ते ३० जुलै या ४५ दिवसांचं व्याज पूर्ण २०,००० वर: साधारण १,०३५ रुपये. पुढे १० ऑगस्टपर्यंत ११ दिवसांचं व्याज १९,००० वर: साधारण २४० रुपये. या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २३० रुपये. ऑगस्टच्या बिलावर रक्कम येते सुमारे २०,५०५. हजार रुपये भरूनही देणं मूळ किमतीपेक्षा पाचशेने जास्त.

आणि ही थकबाकी पूर्ण मिटेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. मधल्या काळात कार्डावर भाजीपाला घेतलात तरी त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज.

गावात कुणी शेकडा तीनने पैसे घेतले म्हटलं की बायाबापड्या हळहळतात. कार्डाचा साडेतीन टक्के दर जीएसटी धरून शेकडा चारच्या वर जातो, पण कार्ड चकचकीत असतं म्हणून कुणाला धस्स होत नाही. या दरांवर कुठली ठरावीक कमाल मर्यादाही नाही. वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला.

एखाद्या महिन्यात पूर्ण रक्कम भरता येणार नसेलच, तर मिनिममवर थांबू नका. जमेल तेवढं जास्त भरा, उरलेल्या रकमेचा बँकेकडून ईएमआय करून घ्या (व्याज लागेल, पण कार्डाच्या नेहमीच्या दरापेक्षा बरंच कमी) आणि तो फिटेपर्यंत कार्ड कपाटात टाका. घरातलं थोडं सोनं तारण ठेवून बँकेतून घेतलेलं कर्जही याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

४. कार्ड निवडताना

जिथे पगार होतो त्या बँकेकडे आधी विचारा. खात्यात काय येतं-जातं ते त्यांना दिसतं, त्यामुळे कागदपत्रं कमी लागतात. पगार नाही, सिबिलचा इतिहासही नाही, अशा माणसासाठी एफडीवर मिळणारं कार्ड उत्तम. पंधरा-वीस हजारांची एफडी ठेवली की तिच्या ठरावीक टक्के लिमिटचं कार्ड मिळतं, एफडीवर व्याजही चालू राहतं. छोटा दुकानदार, शिलाईकाम करणारी ताई, नुकताच वाळूज किंवा शेंद्र्यात लागलेला पोरगा, यांना मी हेच सुचवतो.

मॉलच्या दारात किंवा पेट्रोल पंपावर टेबल टाकून बसलेला पोरगा "सर, एकदम फ्री आहे" म्हणतो, तेव्हा एवढंच विचारायचं: कायम फ्री की पहिल्या वर्षी फ्री? दुसऱ्या वर्षापासून ४९९ रुपये फी असेल तर जीएसटीसह ती ५८९ होते. एक टक्का कॅशबॅकच्या कार्डावर तेवढे पैसे परत यायला वर्षाला जवळपास ५९,००० रुपये खर्च करावे लागतात. तेवढा खर्च तुमचा होतोच का, ते तुम्हालाच माहीत. विमानतळावरच्या लाउंजचं आमिषही असंच. हिंगोलीच्या माणसाने त्यासाठी जादा फी का भरावी?

अर्जासोबत फी, व्याज आणि अटी लिहिलेलं एक पानी माहितीपत्रक देणं बँकेवर बंधनकारक आहे. ते मागा. विमा किंवा दुसरं काही तुमच्या संमतीशिवाय चिकटवता येत नाही. न मागता कार्ड दिलं आणि त्याचं बिलही लावलं, तर बँकेला ते पैसे परत करून वर त्याच्या दुप्पट दंड तुम्हालाच द्यावा लागतो. २०२२ च्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

५. कार्ड हातात आल्यावर पहिल्याच दिवशी

ॲप उघडा आणि ऑटो डेबिट लावा. तिथे दोन पर्याय येतात, टोटल आणि मिनिमम. टोटल निवडा. हे एकच बटण चुकीचं दाबल्यामुळे लोक वर्षभर व्याज भरत बसतात आणि त्यांना वाटतं की आपलं बिल तर वेळेवर जातंय.

मग परदेशी व्यवहार बंद करा, एटीएममधून रोख काढण्याची सोय बंद करा. कार्ड नुसतं टेकवून पिनशिवाय ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार होऊ शकतो, तो पर्याय लागत नसेल तर तोही बंद. बँकेने दीड लाख लिमिट दिलं म्हणून दीड लाख उघडं ठेवायची गरज नाही, ॲपमध्ये व्यवहाराची मर्यादा कमी करता येते.

रोख काढण्याबद्दल एवढंच: क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढले की फी लगेच लागते आणि व्याज त्याच दिवसापासून. बिनव्याजी दिवस रोख रकमेला नसतातच.

६. कुठे खरंच फायदा आहे

जो खर्च तुम्ही तसाही करणार होतात आणि ज्याचे पैसे खात्यात पडलेले आहेत, तो. किराणा, मोबाइलचं रिचार्ज, औषधं, बसची तिकिटं. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे स्वाइप मशीन नसलेल्या दुकानातही क्यूआर स्कॅन करून कार्डाने पैसे देता येतात. अट एकच, क्यूआर दुकानाच्या नावाचा पाहिजे. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर असे पैसे जात नाहीत. छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्क नाही, त्यामुळे तो कुरकुरत नाही. मोंढ्यातले मोठे व्यापारी मात्र कार्ड स्वाइप करायचं म्हटलं की दोन टक्के जादा मागतात. ते दिले तर तुमचा एक टक्का कॅशबॅक गेला आणि वरून एक टक्का खिशातून गेला. तिथे सरळ खात्यातून पैसे द्या.

पेट्रोलवर साधारण एक टक्का सरचार्ज लागतो. बहुतेक कार्डांवर ठरावीक रकमांच्या दरम्यान तो परत मिळतो, त्यावरचा जीएसटी सहसा मिळत नाही. शंभरचं पेट्रोल टाकणाऱ्याने यात पडू नये. वीजबिल ऑनलाइन भरताना महावितरणकडे इतर पर्यायांना शुल्क नसतं, पण क्रेडिट कार्डाला लागतं, त्यामुळे तिथेही कार्ड नको.

फ्रीज, वॉशिंग मशीन अशा खरेदीवर दसरा-दिवाळीला कार्डामागे दहा टक्के थेट सूट असते. पैसे जमवलेले असतील तर ती घ्यावी. "नो कॉस्ट ईएमआय"च्या फंदात पडण्याआधी रोखीची किंमत विचारा. शून्य टक्के व्याज असं प्रत्यक्षात काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. व्याज कुठेतरी किमतीत, प्रोसेसिंग फीमध्ये किंवा सोडून दिलेल्या सवलतीत दडलेलं असतं. शिवाय त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्याच बिलात येतो.

कार्डाचा मोठा उपयोग दवाखान्यात होतो. रात्री बीडहून किंवा जालन्याहून पेशंट छत्रपती संभाजीनगरला हलवला की दाखल करतानाच डिपॉझिट मागतात, आणि त्या वेळी पाहुण्यांना फोन लावत बसण्यापेक्षा कार्ड पुढे करणं सोपं. पण त्याआधी एक काम करा. दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला गाठा. या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी त्या दवाखान्याने वेगळे पैसे घ्यायचे नसतात. कार्ड स्वाइप केल्यावर हे कळलं तर पैसे परत मिळवायला चकरा माराव्या लागतात. स्वतःचा विमा असेल आणि आधी पैसे भरून नंतर क्लेम करायचा असेल, तर क्लेम ड्यू डेटच्या आत येईलच असं धरू नका. बिल भरायची दुसरी सोय त्याच आठवड्यात बघून ठेवा.

आणखी एक फायदा हळूहळू दिसतो. पुढे घराचं कर्ज काढायचं असेल तर सिबिल लागतो, आणि ज्याने कधीच उधारी घेतली नाही त्याचा स्कोअरच नसतो. स्कोअर ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च, म्हणजे ५०,००० लिमिट असेल तर १५,००० पर्यंत, आणि दर महिन्याला पूर्ण भरणा. वर्षभर एवढं पाळलं की बँकेला दाखवण्यासारखा इतिहास तयार होतो. आपला रिपोर्ट प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो बघत जा.

७. मेहुण्याचा मोबाइल

हे वेगळं लिहितो, कारण व्याजाचं गणित पाठ असलेली माणसंही इथे अडकतात. लग्नकार्यात भेटलेला पाहुणा किंवा कंपनीतला दोस्त म्हणतो, "भाऊ, तुमच्या कार्डावर मोबाइल घ्या ना, मी महिन्याच्या महिन्याला हप्ता टाकतो." पहिले तीन हप्ते येतात. चौथ्याला "पट्टी झाली की देतो" असं होतं. मागायची लाज वाटते, कारण बायकोच्या माहेरचं नातं असतं. बँकेला यातलं काही माहीत नसतं, सिबिल तुमचा जातो.

नाही म्हणायला सोपं जावं म्हणून लिमिटच कमी करून ठेवा. "माझ्या कार्डात तेवढं बसत नाही" हे उत्तर कुणाला लागत नाही. मदत करायचीच असेल तर हातउसने द्या, जेवढे बुडाले तरी चालतील तेवढेच.

असाच दुसरा प्रकार म्हणजे ओळखीच्या दुकानात खोटी खरेदी दाखवून कार्ड स्वाइप करायचं आणि दोन-तीन टक्के कापून रोख घ्यायची. एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डावरून असं फिरवणारे बरेच जण बुडाले आहेत. हा कार्डाचा गैरवापर आहे, बँकेच्या लक्षात आलं तर कार्ड बंद होतं. वर्षभरात १० लाख रुपये किंवा त्याहून जास्त कार्डबिलं भरली की ती माहिती आयकर खात्याकडे जाते. मित्रांसाठी कार्ड घासून खर्चावर मिळणारे रिवॉर्ड पॉइंट जमवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

लग्नाचा बस्ता, मांडव, जेवणावळी हे कार्डावर नको. आहेराच्या पैशातून बिल भरू, असा हिशेब मांडणारे भेटतात. आहेर जमतो तोपर्यंत आचारी आणि मांडववालाही दारात उभे असतात.

८. बिघडलं तर

ड्यू डेट एखाद-दोन दिवसांनी चुकली तर घाबरू नका. तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच लेट फी लावता येते आणि ब्युरोला थकबाकी कळवता येते. कार्ड हरवलं किंवा न केलेला व्यवहार दिसला, तर आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक करा, मग बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत कळवलं तर तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. ओटीपी तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. सायबर फसवणुकीसाठी १९३० वर ताबडतोब फोन करा. पैसा पुढे फिरायच्या आत अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

बँकेने तीस दिवसांत तक्रार सोडवली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. त्यासाठी वकील लागत नाही.

कार्ड नकोसं झालं तर नुसतं कात्रीने कापून ते बंद होत नाही. फी चालू राहते. आधी बाकी शून्य करा, पॉइंट वापरून टाका, कार्डाला जोडलेली सबस्क्रिप्शन आणि रिचार्ज काढा, मग ॲपमधून किंवा ईमेलने बंद करण्याची विनंती पाठवा. बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. तसं केलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. फोनवरचा माणूस तुम्हाला दुसरी ऑफर देऊन थांबवायचा प्रयत्न करेल. "बंद केल्याचं पत्र ईमेलवर पाठवा" एवढंच म्हणा, आणि दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टमध्ये ते खातं बंद दिसतंय का ते तपासा.